ग्रहणात चिरलेले दोडके

रेणुका माझी धाकटी बहीण. शेतीवाडी बघून तिला हिमायतनगरला दिली. सासूची जीभ तेवढी बघायची राहिली.

नव्याण्णव सालच्या सूर्यग्रहणात ती तीन महिन्यांची गरोदर होती. सासऱ्याला साखरेचा आजार. भुकेनं त्याचे हात थरथरायला लागले, म्हणून तिनं विळीवर दोडके चिरून भाजी टाकली. म्हाताऱ्यानं ती चाटूनपुसून खाल्ली. पुढे सत्यम झाला. तो आठ वर्षांचा असताना सोनोग्राफीत दिसलं की त्याच्या दोन्ही किडन्या जन्मापासूनच लहान आहेत. तिची सासू तुळजाबाई दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाली, "गिराणात दोडके चिरले हिनं. लेकराच्या किडन्या कापल्या."

झालं. त्यानंतर गावात कुणाची ओटी भरायला रेणुकाला बोलावणं नाही. आणि तिनंही ते खरंच मानलं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

विसाव्या वर्षी सत्यमला डायलिसिस लागलं. तिचा नवरा भुजंग म्हणाला, माझी किडनी घ्या. भुजंगाचा एक डोळा जन्मापासून अधू. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तो डोळा बघितला आणि बापलेकांची जनुकांची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. पोटात बाळाची किडनी घडते तेव्हा काही प्रथिनं मुकादमाचं काम करतात; ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. कोणत्या जनुकानं कधी कामाला लागायचं आणि कधी थांबायचं, ते हे मुकादम ठरवतात. त्यातला पॅक्स-टू नावाचा एक डोळ्याच्या कामावरही असतो. सत्यममध्ये तोच बिघडलेला आहे, आणि तो बिघाड बापाकडून आलाय. बापाचं डोळ्यावर निभावलं, लेकाच्या किडन्या गेल्या. उद्या सत्यमच्या मुलांकडेही तो जाऊ शकतो. भुजंगाची किडनी चालणार नाही.

"मंग दोडके?" रेणुकानं विचारलं.

"दोडक्यांचा काही संबंध नाही, ताई."

बाहेर आल्यावर ती भुजंगाला म्हणाली, "घरी गेल्यावर तुमच्या आईला एवढं सांगा. म्या सांगून त्यांना पटायचं न्हाई. मला दुसरं काही नको."

"सांगतो की," भुजंग म्हणाला.

शेवटी किडनी रेणुकाचीच जुळली. तिनं ती दिली, पोर उठून बसलं, पुढे त्याचं लग्नही झालं. भुजंगाच्या तोंडून मात्र आईपुढे शब्द फुटला नाही. लेकाचा डोळा अधू निघाला तेव्हा तुळजाबाईनं ग्रहणात काय चिरलं होतं, हे तिला कुणी कधी विचारलं नाही.

यंदा भादव्यात चंद्रग्रहण होतं आणि मी तिथंच होते. सत्यमची बायको पुनम गरोदर. दुपारपासून तुळजाबाईचं सुरू झालं. "पुनम, विळीला हात लावू नको. तुह्या सासूनं आयकलं न्हाई, पोराच्या किडन्या गेल्या."

भुजंग तिथंच बाजेवर चहा पीत होता. मी तोंड उघडणार, तोच रेणुकानं माझा हात दाबला. ती नवऱ्याकडे बघत होती.

भुजंगानं कप खाली ठेवला. उठला, विळी उचलली आणि माळ्यावर ठेवून आला.