दाराचं दारालाच विचारा

माझ्या थोरल्या नणंदेला ऑफिसात ‘चौकटबाई’ म्हणतात. तिची कंपनी रुग्णालयांचे कपडे धुणारी मोठाली यंत्रं बनवते. त्यांच्या पोटातल्या छोट्या संगणकाने कसं वागायचं, त्याचा आराखडा ताई काढते. दार, मोटर, पाणी, प्रत्येकाची वेगळी चौकट. कुणाला काय ठाऊक, कुणाचं काम काय, कोण कुणाला विचारणार, सगळं त्यात. प्रोग्राम मागाहून. साहेबांना हा रिकामा उद्योग वाटतो. “यंत्र फिरतंय ना? सोमवारी यंत्र सुरक्षित असल्याची सही करा, नाहीतर घरी बसा,” असं त्यांनी बजावलं.

काल रविवारी जेवणं आटोपल्यावर ताईने आम्हाला चिठ्ठ्या वाटल्या. ज्याने त्याने आपापली चौकट वठवायची: मी दार, सासूबाई मोटर, आमचे हे वीज.

“चला, या घरात एकदाचं माझ्यामुळे काहीतरी चालणार,” हे म्हणाले.

सासूबाईंनी विचारलं, “दार बंद आहे का गं?”

“बंद आहे.”

त्यांनी ते चिठ्ठीवर टिपलं आणि हातातली पळी गरागरा फिरवायला घेतली. यांनी टाळी वाजवली, वीज गेली, पळी थांबली. ताईने खुणावलं तसं मी दार उघडलं. दुसरी टाळी, वीज आली. पळी पुन्हा सुरू!

“अहो आई, दार उघडंय!”

“मगाशी बंद म्हणालीस की! लिहून ठेवलंय मी. दर खेपेला काय विचारायचं?”

ताई ताडकन उठली. “इथेच चुकलंय! दाराची खबर दारापाशीच हवी. मोटरने फिरण्याआधी दर वेळी त्यालाच विचारायला हवं. कपडे काढणारीचा हात आत असला तर?”

सासूबाईंनी पळी खाली ठेवली. संध्याकाळी मी देवापुढे बसले ते तिची नोकरी टिकू दे म्हणून मागायला. मागवेना. तिचा निश्चय डळमळू देऊ नकोस, एवढंच म्हटलं.

आज ताई दुपारीच परतली. सगळ्यांदेखत साहेबांना म्हणाली होती, “सही मी करणार नाही. तुमची खात्री आहे ना? मग घाला आत हात. मी वीज घालवून आणते.”

साहेबांनी हात घातला नाही. तिला मात्र घरी पाठवलं.

“आता गं?” सासूबाईंचा जीव टांगणीला.

“आता काय? चूक कुठे आहे ते यंत्राची चाचणी घेणाऱ्या आमच्या सहाही जणींना दाखवून आलेय. दुरुस्त होईपर्यंत त्यांतली एकही यंत्राला हात लावणार नाही. काढा म्हणावं सगळ्यांनाच कामावरून!”