जुन्या डब्यावर नवी सिस्टीम

माझा धंदा बारदान्याचा. राइस मिलमधली वापरलेली पोती घ्यायची, झटकायची, भोकं शिवायची आणि धानाच्या हंगामात मिलवाल्यांनाच परत विकायची. सायकलच्या कॅरिअरवर पोती बांधून सुरुवात केली होती; आता मुर्री गावात स्वतःचं गोदाम आहे. घाई करणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर ‘नवी सिस्टीम फुकट घ्या’ अशी पाटी येऊ लागली, तेव्हा मी मुलीला सांगितलं, “हात लावू नको. फुकट देणारा आधी गोड बोलते, मंग वसूल करते.”

पाटी येत राहिली. मी ती बंद करायला लावत राहिलो.

मुलगी बी. कॉम. झाल्यापासून नागपूरच्या एका करसल्लागाराच्या ऑफिसचं काम घरूनच करत होती. दुसऱ्यांची बँक खाती, पॅन कार्डं, विवरणपत्रं, सगळं त्या कॉम्प्युटरवर. एकुलती एक. मी गोदामातून जेवायला आलो की समोरच्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज यायचा. कुणाला तरी ती दरडावून कागद मागत असायची. मला ते ऐकायला आवडायचं.

पावसाळा संपता संपता तिच्या ऑफिसनं कळवलं की जुन्या सिस्टीमची सुरक्षा बंद होणार आहे. दिवाळीनंतर नव्या सिस्टीमवर या, नाही तर नागपूरला येऊन ऑफिसच्या मशीनवर बसा.

“आता तरी करू का बाबा?”

“कर. मी कधी नाही म्हटलं?”

तिनं केलं, तर मशीननंच नकार दिला. हा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमच्या लायकीचा नाही, असं स्क्रीनवर आलं.

मी तसाच कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. हा डबा तिथल्याच दुकानदारानं मला दिला होता. घेतला त्या दिवशी त्यानं दोन डबे समोर ठेवले होते, दोन्ही काळे, दोन्ही सारखे दिसणारे. एक महाग होता. मी म्हटलं, दोघांत फरक काय? तासभर घासाघीस झाली आणि शेवटी त्यानं दुसरा, स्वस्तातला डबा माझ्या पुढ्यात सरकवला. मी जिंकून घरी आलो होतो.

“काका, इसकी चिप पुरानी है,” दुकानदार म्हणाला. “नया सिस्टीम नहीं लेगा.”

“मंग तवा काऊन नाही सांगतलं?”

“बताया था. आपने कहा, चिप-विप मत सुना, भाव बोल.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. मी पोतं विकतो तेव्हा ते उलटं करून, शिवण कुठं आहे ते बोट ठेवून दाखवतो. गिऱ्हाईक ऐकत नसलं तरी दाखवतो. यानं मला काय दाखवलं? हे त्याला तिथंच मोठ्यानं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, “नया ले लो. या फिर जुगाड है. मशीन की जाँच टालकर सिस्टीम डाल देंगे.”

जुगाडाचाही मी भाव केला.

मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला तिरोड्याला गेली होती, त्या दिवशी माणूस बोलावून काम उरकलं. परत आल्यावर तिनं कॉम्प्युटर लावला आणि बराच वेळ काहीतरी वाचत बसली.

“बाबा, हे कसं झालं?”

“झालं ना? चालून राहिलं ना?”

“चालते. पण पुढची सुरक्षा भेटेल याची हमी नाही. ऑफिसले लिहून द्या लागते, मशीन नियमातलं आहे म्हणून. मी काय लिहू?”

“लिही, आहे म्हणून. नागपूरवरून कोण पाहाले येते?”

“लोकाईचे कागद आहेत, बाबा. उद्या चोरीले गेले तर?”

“बापाच्या घरात बसून बापालेच कायदा शिकवते! एवढा कायदा आहे तर जा नागपूरले!”

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “अजी, नवा डबा आणून द्या ना पोरीले! कायले तोंड वाजवता?”

दुसऱ्या दिवशी आणता आला असता. हंगाम चांगला चालला होता. पण जुना डबा त्या दुकानदारानं नीट मोल धरून परत घ्यावा, हे मी मनात धरून बसलो होतो. तो ऐकेना. दिवाळीनंतर गिऱ्हाईक ओसरलं की स्वतःच फोन करेल, असा माझा अंदाज होता. असे किती मिलवाले मी वाट पाहून नमवलेत. दिवाळी गेली. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

मुलीनं त्या मशीनवर कामाची एकही फाईल पुन्हा उघडली नाही. ऑफिसला जसं होतं तसं लिहून दिलं. त्यांनी नागपूरला बोलावलं.

स्टेशनवर बायको तिच्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबत होती. मी म्हटलं, “थांब चार दिवस. नवं मशीन घेऊन देतो. भाव नाही करत.”

“आता कायले बाबा? त्यायनं मले टेबल देलं. खोलीही पाहून झाली.”

“खोली कितीले देली?”

तिनं भाडं सांगितलं. ऐकूनच मी चमकलो. “लुटलं तुले! मालकाचा नंबर दे, मी बोलतो.”

“नको. त्यानं जेवढं म्हटलं, तेवढं मी देऊन आली.”

तेवढ्यात गाडी लागली. पुढं काही बोलायच्या आत ती चढली, आणि बायको खिडकीशी गेली. मी मागेच उभा राहिलो.