एर्मेलिंदाची दिवाणी संहिता

एर्मेलिंदाला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. इथे कोइंब्रा विद्यापीठाच्या टेकडीवर, कायद्याच्या पोरांच्या ग्रंथालयात, आम्ही दोघीच काम करतो. पुस्तकं देणं-घेणं, अडलेले कॉम्प्युटर चालू करणं, कपाटातली नवी पुस्तकं विकणं, सगळं एकाच टेबलावरून. तिचा एक हात स्कॅनरवर, दुसरा प्रिंटरच्या पोटात, आणि तोंड सतत चालू. "अगं, जरा टेक की!" म्हटलं तर म्हणायची, "मेना, बसले की राहिलेला विषय आठवतो."

बाप अचानक गेला तेव्हा तिचा कायद्याचा एकच विषय उरला होता, करारांचा. तो सोडून ती नोकरीला लागली ती लागलीच. यंदा जुना अभ्यासक्रम बंद व्हायचा होता. तिच्यासाठी जुलैची तोंडी परीक्षा शेवटची. पास झाली तर पदवी. नापास झाली तर आधीचं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्या वर्षापासून. पन्नाशीच्या बाईने! मला तर नुसत्या विचारानेच घाम फुटायचा.

आमच्याकडे परीक्षेला दिवाणी संहिता जवळ ठेवू देतात. समासात शब्द लिहिलेला दिसला तर पुस्तक जप्त, पण आकडे चालतात. म्हणून पोरं प्रत्येक कलमाशेजारी त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या कलमांचे, कायद्यांचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवतात. नवी आवृत्ती आली की जुने आकडे नव्या पुस्तकात उतरवायचे. एर्मेलिंदानेही उतरवले होते, पोरांना पुस्तकं देता देता, उभ्या उभ्या.

परीक्षेच्या सकाळी तिने घरी थांबायला हवं होतं. पण ही आली कामावर. "घरी भिंती खायला उठतात गं." तेवढ्यात मदेइरा बेटावरून शिकायला आलेला दिनार्त धापा टाकत आला. समासात शब्द लिहिले म्हणून त्याची संहिता परीक्षेच्या दालनाच्या दारातच काढून घेतली होती.

"दोना एर्मेलिंदा, संहिता द्या! कुठलीही! आता माझं नाव पुकारतील!"

हिच्या खांद्यावर फोन, हात टेबलावर. हाताला लागली ती संहिता तिने पुढे सरकवली. पोरगा जिना चढून गेल्यावर हिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, माझीच दिली की!"

"मग पळ, आण परत!"

"आता कशी आणू? तो आत बसला असेल. नावं रोमन अक्षरांप्रमाणे घेतात, 'डी'च्या दिनार्तनंतर 'ई'ची मीच. त्याचं झालं की घेईन."

तोंडी परीक्षा ऐकायला कुणीही बसू शकतं. मी सरळ ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर गेले. परीक्षक सेकैरा सरांनी दिनार्तला विचारलं, "गिऱ्हाइकाने नवा फ्रिज घेतला, तो बिघडलेला निघाला. कुठला कायदा लावाल?" त्याने पान उघडलं, समासातला आकडा पाहिला आणि खणखणीत आवाजात कायदा सांगितला.

सरांनी चष्मा काढला. "तो रद्द होऊन जमाना झाला. मेलेल्याला साक्षीला बोलावताय का?"

सगळे हसले. पोरगा पांढराफटक पडला. "पुढच्या वेळी या," सर म्हणाले.

मी एर्मेलिंदाला चिमटा काढला. "गप्प बस हं. अडलेला प्रश्न सर पुढच्यालाच विचारतात. खरं उत्तर तर तुला आठवतंय ना?" आठवत होतंच. त्या नव्या कायद्याची पुस्तकं आम्हीच विकत होतो.

पण ही बया उभी राहिली. "सर, तो आकडा माझा. पुस्तकही माझं, घाईघाईत मीच त्याच्या हातात कोंबलं. त्याला दुसरा प्रश्न विचारा."

"आपण कोण?"

"पुढची परीक्षार्थी."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. "दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबला ही त्याचीच चूक. पण ठीक आहे, एक प्रश्न." दिनार्तने पुस्तक मिटून उत्तर दिलं आणि काठावर पास झाला.

मग हिची पाळी. सरांनी तिच्या संहितेचं तेच पान उघडलं. "या पानावरचे बाकीचे आकडे तुम्ही का लिहिलेत, तेवढं सांगा."

दोन-तीन तिने छान सांगितले. पुढच्याला अडली. पानं उलटायला लागली, मागे, पुढे, परत मागे. शेवटी म्हणाली, "उतरवला, सर. जुन्यात होता म्हणून."

"वाईट वाटतं," सर म्हणाले, आणि खरंच त्यांना वाटत होतं. "पण पास नाही करता येणार."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "तोंड शिवून बसली असतीस तर त्यांनी तोच प्रश्न तुला विचारला असता! एवढा कसला पुळका त्या पोराचा?"

"आणि उद्या तो टेबलापाशी आला असता, तर मी त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं?" एवढं बोलून ती भडाभडा रडली, तीही व्हरांड्यात येरझारा घालत. मलाही रडू आवरेना.

सप्टेंबरात नव्या पोरांची ही गर्दी! मी मान खाली घालून पुस्तकं देत होते. एर्मेलिंदा कुठे तडमडली म्हणून मनातल्या मनात शिव्याही घालत होते.

"पहिलं वर्ष. एक दिवाणी संहिता."

मान वर केली तर हीच, टेबलाच्या पलीकडे, रांगेत.

"काय थट्टा लावलीस? आत ये, मी एकटी मरतेय इथे!"

"येते, नंबर आलाय तर पुस्तक घेऊ दे," ती म्हणाली. "आणि कोरी दे हं, मेना. या खेपेला एकेक कलम वाचून लिहिणार आहे."

मी कोरी संहिता तिच्यासमोर ठेवली. मागचा पोरगा घाई करायला लागला तशी त्याच्यावरच खेकसले, "ढकलतोस काय रे? तुझ्या वर्गातली आहे ती!"