कूलरच्या वासाचा साबण

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की अंगणातल्या बादलीची कडी हाती धरवत नव्हती. मी कूलरमध्ये नवा वाळा, म्हणजे आपला खस, भरत बसलो होतो. आमच्या साबणाचे किस्से असे साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर चार मागून येतात. पण सुरुवात त्याच दुपारची. सून वंदनानं ओला वाळा नाकाशी धरला अन् म्हणाली, "बाबाजी, हाच वास साबणाले आला तर?"

साबण करायचा म्हणून तिनं बुटीबोरीतल्या कंपनीची नोकरी सोडली. माझा मुलगा रमेश म्हणाला, "दिवाळीपर्यंत कर. नाही खपला, तर परत कंपनीत."

*

पहिल्या वड्या मऊच राहिल्या. लवकर वाळाव्यात म्हणून माझ्या बायकोनं त्या कूलरसमोर मांडल्या. कूलरची ती ओली हवा! संध्याकाळी वड्यांना घाम फुटला. हिनं ओल्या फडक्यानं पुसल्या, तर फेस आला.

वंदना रडते की हसते, कळेना. मग म्हणाली, "आई, आंघोळ माणसांले घालायची होती, साबणाले नाही."

*

पावसाळ्यात तिनं त्याच वासाचं फरशी पुसायचं लिक्विड केलं. मौद्याहून व्याही आले, नुकत्याच पुसलेल्या खोलीत बसले. जरा वेळानं त्यांनी गळ्याला रुमाल गुंडाळला.

"कूलर बंद करा ना जी, मले सर्दी होऊन राहिली."

कूलर तर कधीचाच माळ्यावर गेला होता. वंदनानं त्याच दिवशी नाव ठरवलं, 'ओला वाळा'.

*

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी तिच्यासंगं दुकानात गेलो. दुकानदारानं वडी हुंगली अन् परत दिली. "काका, लोकांले चंदन पाह्यजे, गुलाब पाह्यजे. कूलर कोण लावते अंगाले?"

घरी येऊन वंदनानं कंपनीचा युनिफॉर्म धुतला, दोरीवर वाळत घातला. मी म्हणालो, "वड्या गल्लीत वाट. अभ्यंगाले तरी लागतील."

*

नरकचतुर्दशीला फटाके थांबले, उजाडलं. मी ओट्यावर चहा घेत होतो. शेजारच्या कमलाबाई रिकामी बादली घेऊन आल्या. त्यांचे यजमान आंघोळीचे मोठे आळशी, साऱ्या गल्लीला ठाऊक.

कमलाबाई म्हणाल्या, "भाऊजी, आमचे हे दुसऱ्यांदा आंघोळीले बसले अन् नळ गेला. एक बादली पाणी द्या. अन् वंदनाले सांगून ठेवा, पोरीच्या लग्नात वऱ्हाडाच्या आंघोळीले हाच साबण पाह्यजे. यांले मी जानोशावर, वऱ्हाड उतरते तिथं, जाऊच देत नाही; सारं पाणी हेच संपवतील."