अठरा महिन्यांच्या बरण्या

तीन माणसांच्या लॅबमध्ये असे किती किस्से घडणार, असं आमच्या घरच्यांना वाटतं. पण आम्ही तिघं जमलो की दुपार पुरत नाही. दर वेळी कुणाला तरी एखादा नवा आठवतो, जुने तर असतातच, आणि मग पारकरसाहेबांची सून आतून विचारते, "तो सोड्यांचा झाला का सांगून?" झालेला नसतो. मग तो सांगावाच लागतो.

आधी ओळख करून देते. नव्वदच्या दशकात, नवी मुंबईत पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आमची इन्स्टंट कॉफीची फॅक्टरी होती. पावडर बाहेरून यायची. आम्ही ती तपासायची, डब्यात भरायची आणि डब्यावर तारीख छापायची. तपासणारी लॅब म्हणजे आम्ही तिघं. पारकरसाहेब उरणचे. चव घेणं हे त्यांचं काम. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि वहीत मार्क लिहायचे. म्हात्रे बोनकोड्याचा, लॅब अटेंडंट. बरण्या, कप, किल्ल्या, सगळं त्याच्या ताब्यात. आणि मी केमिस्ट. म्हणजे साहेबांच्या जिभेला जे दोन सेकंदांत कळायचं, ते मी यंत्रावर दोन तासांत सिद्ध करायचे.

आणि हो, अकरा वाजले की कॉफीची ही अख्खी फॅक्टरी गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला जायची. पारकरसाहेब सगळ्यांच्या पुढे.

*

तर सोड्यांचा किस्सा. एका सकाळी साहेबांनी घोट घेतला, थुंकला आणि म्हणाले, "या बॅचला सोड्यांचा वास आहे."

प्रॉडक्शनवाले हसायला लागले. सुकवलेल्या कोळंबीचा आणि कॉफीचा काय संबंध? साहेबांचं म्हणणं, कॉफी शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेते. मी यंत्रावर तपासलं, यंत्राला काहीच कळलं नाही. पण साहेब हट्टाला पेटले. "पंचवीस वर्षं या जिभेवर पगार घेतोय. बॅच थांबवा आणि शोधा."

दोन दिवस आम्ही गोडाऊन पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी म्हात्रेला सॅम्पलच्या कपाटात अगदी मागे, वर्तमानपत्रात बांधलेली सोड्यांची पुडी मिळाली. पुडी साहेबांचीच होती. मॅनेजरांना द्यायला म्हणून उरणहून आणलेली आणि द्यायची विसरलेली.

आम्हाला वाटलं, आता साहेब ओशाळतील. त्यांनी पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बघा. मी म्हटलं नव्हतं?"

*

तक्रारी माझ्याकडे यायच्या. एकदा वाशीच्या एक बाई स्वतः डबा घेऊन आल्या. आतली कॉफी दगड झालेली. टेबलावर आपटून दाखवली, तर टेबलाला खोक पडली. साहेबांनी डब्यात डोकावून विचारलं, "ओला चमचा घालता का?"

बाई जरा वरमल्या, पण गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "मग तसं डब्यावर लिहीत का नाही?"

मुद्दा बरोबर होता. पुढच्या छपाईपासून आम्ही डब्यावर लिहायला लागलो : कोरडा चमचा वापरावा. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

महिन्याभरात त्याच बाईंचं पोस्टकार्ड आलं. "तुमची सूचना वाचली. पहिल्या कपापर्यंत ठीक आहे. दुसऱ्या कपाला काय करायचं?"

*

वर्षातून एकदा कंपनीचे डॉक्टर यायचे. साहेबांचा नंबर आला.

"दिवसाला कॉफी किती?"

"चाळीस कप."

डॉक्टरांचं पेन थांबलं. छातीत धडधड? नाही. जळजळ? थोडी. "आणि झोप?"

"लागते ना. जेवणानंतर तर खुर्चीतच लागते."

शेवटी मीच मध्ये पडले आणि सांगितलं की साहेब कॉफी गिळत नाहीत, थुंकतात. डॉक्टरांच्या जिवात जीव आला. "मग पोटात काय जातं?"

"चहा," साहेब म्हणाले. "आठ-दहा कप."

डॉक्टरांनी चहा बंद केला. त्यानंतर साहेब टपरीवर यायचे आणि आमच्या ग्लासांकडे बघत नुसते उभे राहायचे. त्यांच्यासमोर चहा प्यायची मला लाज वाटायची. तरी प्यायचे.

त्याच दिवशी म्हात्रेने डॉक्टरांना आपल्या आईचं सांगितलं. "आमची म्हातारी काली कॉफी पिते, तीन टाइम. सत्तरीच्या वर हाय, पन गुडघं दुखत नाय."

"कॉफीचा आणि गुडघ्यांचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले.

"ते तिला नका सांगू. चालते तवर चालू दे."

*

या म्हातारीने आमचा एकदा भयंकर अपमान केला. दिवाळीला कंपनीने सगळ्यांना कॉफीचा एकेक डबा दिला होता. आदल्याच दिवशी भरलेला, साहेबांनी स्वतः पास केलेला. त्याहून ताजी कॉफी महाराष्ट्रात कुणाच्या घरात नसेल. भाऊबीज झाली आणि म्हात्रे फोडलेला डबा घेऊन परत आला.

"म्हातारीनं परत पाठवली. बोलते, ही खराब हाय. नेहमीची दे."

आम्ही पोट धरून हसलो. साहेब मात्र हसले नाहीत. स्वतःच्या बॅचला कुणी खराब म्हटलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. "नेहमीची म्हणजे कुठली रे?"

"असंल दुकानातली," म्हात्रे म्हणाला आणि कप धुवायला गेला. कप धुतलेलेच होते.

*

आता शेवटचा.

आमच्या लॅबमध्ये एक कुलूपबंद कपाट होतं. प्रत्येक बॅचची एक बरणी, तारखेचं लेबल लावून, त्यात अठरा महिने ठेवायची. डब्यावर तेव्हा आम्ही 'बारा महिने उत्तम' असं छापत होतो. त्यापुढे कॉफी किती टिकते ते बघायचं होतं. मुदत भरली की म्हात्रे जुन्या बरणीतली आणि ताजी, अशी कॉफी करून साहेबांपुढे ठेवायचा. कपांवर नुसते नंबर. कुठल्या कपात काय, ती यादी थेट हेड ऑफिसच्या बर्व्यांकडे जायची. साहेबांनी न बघता मार्क द्यायचे.

वर्षभर साहेबांनी सगळ्या कपांना सारखेच मार्क दिले. सगळी कॉफी ताजी! बर्वे खूश झाले. त्यांनी सही केली आणि डब्यांवर 'अठरा महिने' छापायला सुरुवात झाली.

मग बर्व्यांच्या डोक्यात भलतंच आलं. जुन्या-ताज्यातला फरक ज्या जिभेला कळत नाही, ती पोसायची कशाला? पत्र आलं. बर्वे स्वतः येणार, समोर चव घ्यायला लावणार. फरक सांगता आला नाही तर लॅब बंद आणि आम्ही तिघं घरी.

साहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. पण नोकरीपेक्षा जिभेवर शंका घेतली, हे त्यांना जास्त लागलं. आठवडाभर ते टपरीवर नुसतं उभं राहायलासुद्धा आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. म्हात्रे तर त्या आठवड्यात धुतलेलेच कप पुन्हा पुन्हा धूत होता.

बर्वे आले. त्यांनी स्वतः कपाट उघडून अठरा महिन्यांची एक बरणी काढली, लाइनवरून ताजी पावडर आणवली आणि आमच्याकडे पाठ करून दोन कप केले.

साहेबांनी पहिला घोट घेतला, थुंकला. दुसरा घेतला, थुंकला. म्हणाले, "दोन्ही ताज्या. पहिली आजची, दुसरी मागच्या आठवड्यातली."

"पुन्हा विचार करा, पारकर."

"विचार कसला? जे आहे ते सांगितलं."

बर्व्यांनी दुसऱ्या कपाची बरणी उचलून लेबल आमच्याकडे फिरवलं. अठरा महिन्यांपूर्वीची तारीख. मग खिशातून लॅब बंद करायचं पत्र काढून त्यांनी पेनाचं टोपण उघडलं. साहेब लेबलाकडे बघत राहिले. त्यांनी तो कप परत तोंडाला लावला आणि या वेळी घोट गिळला. एवढ्या वर्षांत मी त्यांना कॉफी गिळताना पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब बरोबर बोलतात," म्हात्रे कपाटाजवळून म्हणाला. "ती मागल्या हप्त्यातलीच हाय. मीच भरली."

बर्व्यांचं पेन तसंच राहिलं.

"डब्यावर बारा म्हैने लिवलेलं. ते झाले म्हन्जे फुकटच गेली, असा मी समजलो. मंग अठरा भरत आले का, फेकन्यापेक्षा घरी न्हेली. रिकामी बरनी दिसली तर साहेब वरडतील, म्हनून ताजी भरून ठेवली."

"अशा किती बरण्या?" बर्व्यांनी विचारलं.

"सगल्याच."

बर्वे खाली बसले. जुनी कॉफी साहेबांपुढे कधी आलीच नव्हती. म्हणून मार्क सारखे, म्हणून डब्यावर अठरा महिने, आणि त्या कागदावर सही एकट्या बर्व्यांची. म्हात्रेला ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खिशातून काढलेलं ते पत्र फाडलं आणि तुकडे साहेबांच्या थुंकायच्या भांड्यात टाकले. "जीभ शाबूत आहे तुमची, पारकर," एवढंच बोलले. साहेबांनी मान हलवली, पण त्यांची नजर म्हात्रेवरून हलत नव्हती.

बर्व्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे आपली कॉफी अठरा महिन्यांनी लागते कशी, हे या कंपनीत कुणालाच माहीत नाही?"

म्हात्रेने हात वर केला.

"आमचे म्हातारीला म्हाईत हाय."