ज्याला कर, त्याला डर

आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, दातांच्या कवळ्या करायचे. शहरातले सहा-सात दंतवैद्य त्यांच्याकडे प्लास्टरचे साचे पाठवत आणि आतोबा घराच्या मागच्या खोलीत बसून त्यांवर मेणात एकेक दात लावत. खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, कोपऱ्यात पॉलिशची मोटार. त्यांनी केलेली कवळी टोचते म्हणून परत आली, असं कोणी ऐकलं नव्हतं. असा हा माणूस वर्षातून एक महिना मात्र पार कामातून जायचा. त्या महिन्यात टॅक्सचं रिटर्न भरायचं असे.

त्याला कारण घडलं होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी एका रकान्यातला आकडा चुकून दुसऱ्या रकान्यात लिहिला आणि दंडाचं पत्र आलं. दंड किरकोळ होता, एका कवळीच्या मजुरीएवढासुद्धा नाही. पण पत्रात 'उत्पन्न दडवले' असे शब्द होते. ते त्यांच्या जिवाला लागले. तेव्हापासून ते फॉर्म आधी पेन्सिलीने भरत, खोडत, पुन्हा भरत, आणि तिसऱ्या खेपेला पेन हातात घेत. पावत्या ठेवायला कवळ्यांचेच प्लास्टिकचे डबे, महिन्याला एक. त्या दिवसांत त्यांच्या मानेवर पुरळ उठे, घास उतरत नसे. एखादा सल्लागार का गाठत नाही, असं कोणी विचारलं तर म्हणत, की चूक तो करेल आणि नाव माझं लागेल. फॉर्म देऊन आले की पोचपावती खिशात घालून तासभर एकटेच फिरत आणि घरी येऊन "झालं एकदाचं" म्हणत. मग पुरळ आपोआप बसे.

आमच्याकडे ही हक्काची करमणूक होती. बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, नकला झकास करायचे. डोळ्यांवर चष्मा चढवून, जीभ बाहेर काढून पेन्सिल खोडणारे आतोबा त्यांनी केले की बायका पोट धरून हसत. "कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात," बाबा शेवटी म्हणायचे. "आमच्या दाजींना कर आहे, म्हणून डर आहे." सगळ्यांत जास्त आत्या हसायची. तिलाही बोल लावता येत नाही. त्या महिन्यात तिला स्वतःच्या घरात खोकायचीही चोरी होती.

त्या वर्षी ती एका दुपारी वैतागून आमच्याकडे आली. यंदा तीन आठवडे आधीच सुरुवात झाली आहे, म्हणाली. एकदा खरोखरच नोटीस यायला हवी, म्हणजे यांना कळेल की आभाळ काही कोसळत नाही. बाबांचे डोळे चमकले. मी तेव्हा एका विमा कचेरीत टायपिस्ट होते. चोवीस वर्षांची होते, म्हणजे न कळण्याचं वय नव्हतं. बाबांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला: गेल्या सात वर्षांच्या विवरणपत्रांत विसंगती आढळली आहे, पंधरा दिवसांत समक्ष हजर राहावे. त्यात 'उत्पन्न दडवले' हे शब्द घालायचं मी सुचवलं. बाबांनी माझी पाठ थोपटली. मग एका जुन्या पदकाला शाई लावून त्यांनी खाली शिक्का उठवला.

पत्र बुधवारी पोचणार होतं आणि रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येणार होती. आतोबा खिशातून नोटीस काढतील, तेव्हा सगळं सांगून टाकायचं, असं ठरलं होतं. रविवारी ते आले. पुरळ कानांपर्यंत चढलं होतं. बाबांनी दोन-तीनदा टपालाची चौकशी केली. विशेष काही नाही, असं सांगून आतोबा ताटातलं इकडचं तिकडे करत राहिले. दोघं गेल्यावर बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बघू या, किती दिवस पोटात ठेवतात ते," म्हणाले. आत्याने फोनवरून रुकार दिला. रोजची खबर तीच द्यायची. त्यांनी साचे बाजूला ठेवलेत, सगळे डबे जमिनीवर मांडलेत आणि मधोमध बसलेत. बाबांनी तिला डबे मोजायला लावले. चौऱ्याऐंशी भरले. त्या आकड्यावर आम्ही दोन दिवस हसत होतो.

त्या डब्यांमध्ये आतोबांना एक खरी चूक सापडली. तीन वर्षांपूर्वी एका दंतवैद्याने पाच कवळ्यांच्या मजुरीऐवजी आपली जुनी पॉलिशची मोटार दिली होती. पैसे हातात आले नव्हते म्हणून ती कुठे दाखवली नव्हती. शिवाय दोन डॉक्टर अर्धे पैसे पावतीशिवाय रोख देत. आतोबांनी ते आपल्या रिटर्नमध्ये इमानाने धरले होते, डॉक्टरांनी आपल्या हिशेबात धरले असतील की नाही, देव जाणे. आतोबांनी हे सगळं नावांसकट सुवाच्य अक्षरात दोन पानांवर लिहिलं आणि गुरुवारी नोटिशीसह टॅक्स ऑफिसात नेऊन दिलं.

तिथे काय झालं ते आत्याकडून पुढे कळलं. अधिकाऱ्याने नोटीस उजेडात धरली, शेजारच्या टेबलावरच्याला दाखवली आणि दोघं हसायला लागले. काका, हा शिक्का आमचा नाही, कोणीतरी तुमची थट्टा केली आहे, असं त्याने सांगितलं. आतोबाही हसले म्हणे. हसत हसतच त्यांनी आपली दोन पानं परत घ्यायला हात पुढे केला. अधिकाऱ्याने पानांवर हात ठेवला.

"नोटीस खोटी आहे. पण हे तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे ना?"

"हो," आतोबा म्हणाले.

पानांवर आवकचा शिक्का बसला.

पुढच्या रविवारी बाबांना दम निघेना. पहिला घास घ्यायच्या आत त्यांनी विचारलं, "काय दाजी, हजेरी लावून आलात की नाही?" आतोबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आधी बाबांकडे पाहिलं, मग तोंडावर हात दाबून हसणाऱ्या आत्याकडे.

"टाईप कोणी केलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले आणि जेवू लागले.

त्या दोन पानांबद्दल ते तेव्हा अवाक्षर बोलले नाहीत. मोटारीबद्दल दंड झाला, तो त्यांनी भरला. पण त्या दोन डॉक्टरांनाही खुलासा मागणारी पत्रं गेली, खरीखुरी. एकाने ते बाकीच्यांच्या कानांवर घातलं. दीड महिन्यात साचे यायचे बंद झाले. चुगलखोराकडे दात कोण करायला देणार? बाबा एका डॉक्टरांना भेटून आले, सगळी गंमत होती असं समजावून सांगितलं. डॉक्टर खो-खो हसले, चहा पाजला आणि साचा काही पाठवला नाही.

माफी कोणी मागितली नाही. आत्या तर नवऱ्यावरच उखडली. "थट्टा होती ती. तिथे जाऊन सगळं ओकायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी मात्र एकदा मनाशी वाक्य जुळवून त्यांच्याकडे गेले. आतोबा मागच्या खोलीतले डबे पोत्यात भरत होते, भंगारवाला दारात उभा होता. मला पाहून म्हणाले, जरा हे तोंड धर. मी पोत्याचं तोंड धरून उभी राहिले. पोतं भरलं, बांधलं, आणि मी घरी आले.

बावन्नाव्या वर्षी त्यांना एका मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली. कवळ्या दुसरेच लोक करत. आतोबांनी आठ तास उभं राहून त्या फक्त चाकावर घासायच्या. टॅक्स पगारातून परस्पर कापून जाई आणि कंपनीच सगळे कागद भरी. बाबा अजूनही हा किस्सा सांगतात. 'शुद्धलेखन चांगलं आहे'पाशी थांबतात, कारण तिथे लोक हसतात.

मध्यंतरी आतोबा मला बसथांब्यावर भेटले. भुवयांवर कवळ्यांची गुलाबी भुकटी बसली होती. मी शेजारी बसले. नोकरी कशी चालली आहे, विचारलं त्यांनी. पगार वाढला का, घर कुठे घेतलं, तेही विचारलं. मी उत्तरं दिली. बस आली. त्यांच्याच घरावरून जाणारी होती ती. मी उठले, ते उठले नाहीत.

"तू जा," म्हणाले. "मी मागच्या बसने येईन."