हाकोनेचा जागृत डोंगर आणि आईचं भांडण

आई माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून जपानला, आमच्या फुनाबोरीच्या घरी आली होती. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी, सगळं बॅगेत कोंबून. आठव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. आईचा व्हिसा शिल्लक होता आणि घरात काम उरलं नव्हतं. ती पुसलेला ओटा पुन्हा पुसायची, मी पडून असायचे. बाळाबद्दल दोघीही चकार शब्द काढत नव्हतो. ती परत जायच्या आठवड्यात माझा नवरा मंदार म्हणाला, "आई, जाण्याआधी तुम्हाला जागृत ज्वालामुखी दाखवतो. हाकोने एका दिवसात होतं."

आईने त्यातलं 'जागृत' तेवढं ऐकलं. संध्याकाळी निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून ती नारळ घेऊन आली.

"मंदारराव, जागृत स्थानाला रिकाम्या हाताने जाऊ नये."

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनेच राहू दे म्हटलं, पण आतून चिडले होते. नारळ म्हणजे नवस आणि नवस म्हणजे दुसरं नातवंड. एक गेलं की दुसरं मागायचं, हे मला सहन होत नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा आणि पास काढा, सुटी तिकिटं महाग पडतात. फुनाबोरीहून शिंजुकूला थेट मेट्रो आहे, तिथून ओदावारा, मग डोंगरातली छोटी गाडी. चढ इतका खडा की गाडी मध्येच थांबते आणि उलट्या दिशेने निघते. शाकाहारी असाल तर डबा न्या. आम्ही गोरा स्टेशनच्या बाकावर बसून आईची थालीपीठं खाल्ली. मी अर्धंच खाल्लं.

पुढे रोपवेच्या रांगेत मंदारने भूगोल सुरू केला. "समुद्राचा तळ सरकत सरकत जपानच्या खाली घुसतो, आई. जाताना पाणीही आत नेतो. खोलवर ते पाणी तापलेल्या खडकात शिरलं की खडक वितळायला लागतो आणि हळूहळू वर चढतो. म्हणून या देशभर असे डोंगर ओळीने उभे आहेत."

"आणि आपला सह्याद्री?"

"तोही लाव्ह्याचाच. पण त्याची गोष्ट वेगळी, तिथले ज्वालामुखी मृत आहेत."

घरात इतके दिवस सगळ्यांनी चुकवलेला शब्द होता तो. मंदार खिशातले पास चाचपायला लागला. तेवढ्यात रोपवेचा पाळणा आला.

रोपवे एका धारेवरून पलीकडे गेला आणि खालची झाडं संपली. ओवाकुदानीची दरी दिसली. पिवळी-पांढरी, भाजून निघालेली, जागोजागी वाफ आणि गंधकाचा उग्र वास. वायू वाढला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. वर उतरल्यावर पाटी आहे: दमेकरी, हृदयरोगी आणि गर्भवती स्त्रियांनी इथे येऊ नये. शेजारी पोट आलेल्या बाईचं चित्र. त्या चित्रापुढून मी सरळ आत गेले, मला कुणी अडवलं नाही. गरम झऱ्यात उकडलेली काळी अंडी विकत होते. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. मी घेतलं नाही.

आई कठड्याशी गेली. साडीवर मंदारचं जाकीट, हातात पिशवी. नमस्कार करेल असं वाटलं होतं, पण तिने हात जोडलेच नाहीत. जिथे सगळे हळू बोलतात तिथे ती खणखणीत मराठीत म्हणाली, "जागृत म्हणवतोस ना? मग तेव्हा काय डोळे मिटून बसला होतास? आमची..."

ती अडखळली. जिच्यासाठी भांडायचं तिचं नाव तिला ठाऊक नव्हतं. बारसं झालं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

"काय ठरवलं होतंत गं?"

"रेवा," मी म्हणाले. तोवर ते नाव मी मोठ्याने कधी उच्चारलंच नव्हतं. मंदारने तोंड फिरवलं.

"आमची रेवा गेली तेव्हा कुठे होतास?" आईने वाक्य पुरं केलं आणि ती रडायला लागली. मग मीही. शेजारचं जपानी जोडपं बाजूला सरकलं.

"नारळ?" मी बऱ्याच वेळाने विचारलं.

"आणला होता मागायलाच. समोर आल्यावर मागवेना. आणि भांडण झालं त्याला नारळ कसला? घरी चटणी करू."

आई परत गेली. कपड्यांना गंधकाचा वास दोन धुण्यांपर्यंत होता. दुःख हलकं झालं असं सांगणार नाही, ते आहे तितकंच आहे. पण हाकोनेला जाऊन आल्यापासून मी आणि मंदार रेवाबद्दल बोलतो, कधी जेवताना, कधी कचरा वेगळा करताना.

पुण्याहून आईचा फोन आला. प्रवास, सामान, शेजारपाजार झालं. मग जेवलीस का विचारलं. मी नुसतं हं हं करत होते.

"रेवाची आई," ती म्हणाली, "तुला विचारतेय मी."

या नावाने मला आजवर कुणी हाक मारली नव्हती. जेवते म्हटलं, आणि उठून कुकर लावला.